बंदूक, परवाना आणि मूल : कर्जत-खालापूरच्या संदर्भात शस्त्रनियमनाच्या इतिहासाची एक उपेक्षित बाजू

१

शस्त्रविषयक कायद्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा राजकीय इतिहासाचा एक पोटविभाग म्हणूनच लिहिला गेला आहे. १८५७ च्या उठावानंतरचे निःशस्त्रीकरण, लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ चा कायदा, त्यावर राष्ट्रीय सभेने वर्षानुवर्षे केलेली टीका आणि स्वातंत्र्यानंतर १९५९ साली झालेला नवा कायदा, हे त्यातील परिचित टप्पे होत. ह्या सर्व विवेचनात बंदूक ही राजा आणि प्रजा यांच्यामधील वादाची वस्तू म्हणून येते. ते चूक नाही. पण अपुरे आहे. कारण बंदूक ही घरातील वस्तूही असते. ती रात्री शेतावर जाते आणि दिवसा घरात राहते. त्या घरात मुले वावरत असतात. तीच बंदूक कधी बाजाराच्या वाटेने, कधी जत्रेच्या गर्दीतून, तर कधी सार्वजनिक रानातून वा उद्यानातून नेली जाते. तेव्हा शस्त्रनियमन करणाऱ्यांनी घरातील मुलाचा आणि सार्वजनिक जागी वावरणाऱ्या निःशस्त्र माणसाचा विचार केव्हा केला, किती केला व कोणत्या कारणाने केला, हा इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात तो विचारला आहे.

ह्या प्रश्नासाठी कर्जत व खालापूर हे दोन तालुके निवडण्यास सबळ कारण आहे. रायगड जिल्ह्याचा हा समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेला भाग. उल्हास व पाताळगंगा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत भातशेती, उतारांवर नाचणी व वरी, आणि त्यांच्या वर लागलीच घाटमाथ्यापर्यंत चढत गेलेले रान, अशी येथील रचना आहे. शेत आणि रान यांच्यामध्ये येथे अंतर असे नाहीच. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, धनगर, आगरी, कुणबी अशा समाजांची वस्ती येथे पूर्वापार आहे. १८५० साली ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट हा खालापूरकडील चौक गावाहून डोंगर चढून गेला आणि माथेरान हे गिरिस्थळ म्हणून प्रसिद्धीस आले. पुढे घाटातील रेल्वे झाली, खोपोली व भिवपुरी येथे जलविद्युत्केंद्रे उभी राहिली, आणि आपल्या काळात भीमाशंकर अभयारण्याची हद्द कर्जत तालुक्यात उतरली. म्हणजे पिकाची राखण, शिकार, सार्वजनिक विश्रामस्थळ, संरक्षित उद्योग आणि संरक्षित वन ह्या पाचही निमित्तांनी बंदुकीविषयीचे नियम ह्या लहानशा टापूत लागू झाले. कर्जत हे १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, नंतर ते कुलाबा जिल्ह्यात गेले, आणि १९८१ पासून कुलाब्याचे नाव रायगड झाले. जुनी दफ्तरे पाहणाऱ्याने हा बदल ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

२

१८७८ हे वर्ष ह्या टापूच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या एकाच वर्षी हिंदुस्थान सरकारने वनांचा कायदा केला आणि शस्त्रांचाही कायदा केला. पहिल्याने रानात जाण्याचे, लाकूड तोडण्याचे व गुरे चारण्याचे परंपरागत व्यवहार परवानगीच्या कक्षेत आणले. दुसऱ्याने बंदूक बाळगणे व ती घेऊन हिंडणे हे परवान्याच्या कक्षेत आणले. रानाच्या कडेला राहणाऱ्या ठाकूर-कातकऱ्याच्या दृष्टीने हे दोन कायदे वेगळे नव्हतेच. रान आणि रानात वापरावयाचे हत्यार ही दोन्ही एकाच वेळी सरकारी दप्तरात जमा झाली.

ह्या कायद्याच्या १३ व्या कलमाने परवान्यावाचून सशस्त्र फिरण्यास मनाई केली. शब्द सर्वसाधारण असले तरी अंमल सर्वांवर सारखा नव्हता. सरकारला वर्गावर्गांस सूट देण्याचा अधिकार होता आणि तो वापरून युरोपीय लोकांस ह्या बंधनातून मोकळे ठेवण्यात आले होते. माथेरानच्या वाटांवरून बंदूक खांद्यावर टाकून फिरणारा साहेब आणि त्याच्या पुढे वाट दाखवीत चालणारा ठाकूर, ह्या दोघांना एकाच रानात दोन वेगळे कायदे लागू होते. हा वर्णभेद पहिल्या महायुद्धानंतर झालेल्या नियमांनी दूर केला. म्हणजे तो चाळीस वर्षे टिकला.

ह्या कायद्याची दृष्टी काय होती हे समजण्यास त्याच काळातील एक घटना उपयोगी पडते. वासुदेव बळवंत फडके हे पनवेल तालुक्यातील शिरढोणचे. १८७९ च्या त्यांच्या उठावात मे महिन्यात दौलतराव नाईक यांच्या टोळीने पळस्पे व चिखली येथे छापे घातले. ही गावे खालापूरच्या सीमेपासून फार दूर नाहीत. कायदा आधी झाला आणि उठाव नंतर, हा क्रम खरा. परंतु कायदा कोणत्या भीतीपोटी झाला होता हे ह्या उठावाने दाखवून दिले. बंदूक कोणाच्या हाती आहे, तो माणूस राजनिष्ठ आहे की नाही, एवढाच त्या कायद्याचा प्रश्न होता. हातातून खाली ठेवल्यावर ती बंदूक कोठे असते, हा त्याचा प्रश्न नव्हता. त्याच्या कलमांत वयाची अट नव्हती. खुद्द इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस पिस्तूल विकण्यास मनाई झाली; वयाचा विचार त्या काळच्या इंग्रज विधिज्ञांना अपरिचित होता असे नव्हे. येथे तो करण्याचे प्रयोजन त्यांना वाटले नाही, कारण येथील कायदा राज्याच्या सुरक्षिततेसाठी होता, घराच्या नव्हे.

३

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. ग्रामीण भागात पिकाच्या राखणीसाठी जी बंदूक दीर्घकाळ वापरात राहिली ती ठासणीची. तिच्या रचनेचा थोडा तपशील देणे आवश्यक आहे, कारण मुलांस असलेला धोका हा ह्या रचनेतूनच उत्पन्न होतो.

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून प्रथम दारू ओततात, तिच्यावर चिंधीचा वा काथ्याचा बोळा गजाने ठासून बसवितात, मग छर्रे घालून पुन्हा बोळा ठासतात. नळीच्या मागील अंगास एक बारीक छिद्राची बोंडी असते; तिच्यावर तांब्याची लहानशी स्फोटक टोपी बसवितात. चाप ओढला की घोडा ह्या टोपीवर आपटतो, टोपीतील ठिणगी छिद्रातून आत जाते आणि दारू पेटते. ह्या सर्व क्रियेस वेळ लागतो. रानडुकरांचा कळप भातात शिरल्यावर बंदूक भरावयास घेतली तर उपयोग नाही. म्हणून राखणदार ती संध्याकाळीच भरून ठेवतो.

येथपर्यंत अडचण नाही. अडचण सकाळी सुरू होते. रात्री बार काढण्याचा प्रसंग आला नाही तर भरलेली बंदूक तशीच घरी येते. काडतुसी बंदूक उघडून काडतूस काढून घेणे हे क्षणाचे काम आहे. ठासणीची बंदूक रिकामी करावयाची म्हणजे एक तर बार काढावा लागतो, नाही तर गजाच्या टोकास मळसूत्र लावून बोळा, छर्रे व दारू ओढून काढावी लागतात. पहिल्यात दारूचा अपव्यय, दुसऱ्यात खटाटोप. साहजिकच माणसाचा कल टोपी तेवढी काढून बंदूक भरलेलीच ठेवण्याकडे होतो. टोपी काढल्याने धोका पुष्कळ कमी होतो, पण नाहीसा होत नाही. दारू नळीत असतेच. शिवाय पावसाळ्यानंतरच्या दमट हवेत सर्द झालेली दारू एक दिवस पेटत नाही आणि ती सुकल्यावर दुसऱ्या दिवशी पेटते. 'काल उडाली नाही म्हणजे रिकामी आहे' हा समज ह्या बंदुकीच्या बाबतीत सर्वांत घातक होय.

ह्या भागातील पुष्कळशी घरे कारवीच्या कुडाची, एक-दोन खणांची. कुलूप लावता येईल असे कपाट अशा घरात कोठून असणार? बंदूक खुंटीला टांगावयाची वा आढ्याशी खोचून ठेवावयाची. आणि पाटावर वा उखळावर चढून मुलाचा हात तेथे पोहोचू शकतो. आणखी एक गोष्ट ऋतुमानाची. भात पोटरीस येते, निसवते व पिकते ते भाद्रपद-आश्विनात. रानडुकरांचा उपद्रव वाढतो तो त्याच दिवसांत, आणि त्यामुळे बंदूक भरलेली राहण्याचे दिवसही तेच. ह्याच दिवसांच्या अखेरीस दिवाळी येते आणि मुलांच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल येते. घोडा आपटतो, टिकली फुटते, आवाज होतो, कोणास काही होत नाही. टिकलीच्या पिस्तुलाची आणि टोपीच्या बंदुकीची क्रिया तत्त्वतः एकच आहे. फरक एवढाच की, एकीच्या पुढे काही नसते आणि दुसरीच्या पुढे दारू व छर्रे असतात. मुलाने हा फरक स्वतः ओळखावा अशी अपेक्षा करणे हे शहाणपणाचे नाही.

ग्रामीण मूल हत्यारापासून दूर वाढत नाही हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. गोफणीने पाखरे उडविणे हे शेतावरच्या मुलांचे नेमून दिलेले काम. गलोल तर रानातल्या मुलाच्या गळ्यातच असते. म्हणजे पिकाच्या राखणीत बाप आणि मूल हे एकाच कामाचे दोन वाटेकरी असतात. बापाचे हत्यार हे आपल्या हत्याराचे मोठे रूप आहे असे मुलास वाटणे स्वाभाविक आहे. शहरातील विधिज्ञास 'मूल आणि शस्त्र' ही दोन टोके वाटतात. शेतावर ती एकाच माळ्यावर बसलेली असतात. नियम करणाऱ्यांस हे चित्र दिसले नाही, आणि हे न दिसणे हा ह्या इतिहासाचा एक भागच आहे.

४

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंदुकीविषयीची चर्चा झाली ती स्वाभिमानाच्या भाषेत. हिंदी जनतेस निःशस्त्र करणे हा राष्ट्राचा अवमान आहे, ही भूमिका नेमस्त व जहाल या दोन्ही पक्षांस मान्य होती. जानेवारी १९३० मध्ये महात्मा गांधींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत स्वसंरक्षणार्थ शस्त्रपरवाने लोकनियंत्रणाखाली मिळावेत ही एक होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने ही मागणी करावी ह्यात विसंगती नाही; मारण्याचे साधन असूनही न मारणे आणि साधनच नसल्यामुळे न मारणे ह्यांत ते भेद करीत. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावातही नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता.

कर्जत परिसराने ह्या भाषेचा अर्थ प्रत्यक्ष अनुभवला. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल यांनी १९४२ च्या आंदोलनात आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी कर्जतच्या उत्तरेस मुरबाड तालुक्यात असलेल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल व हिराजी पाटील हे हुतात्मे झाले. त्या पिढीच्या मनात बंदूक ही एका बाजूस जुलमाचे आणि दुसऱ्या बाजूस प्रतिकाराचे चिन्ह होऊन राहिली. अशा वातावरणात 'बंदूक घरात कशी ठेवावी' हा प्रश्न क्षुल्लक वाटला असल्यास नवल नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यावर मात्र प्रश्नाचे स्वरूप पालटले. डिसेंबर १९४८ मध्ये घटनासमितीत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत अंतर्भूत करावा अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला व ती नामंजूर झाली. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात नागरिकांना जो एकत्र जमण्याचा हक्क मिळाला तो 'शांततेने व विनाशस्त्र' जमण्याचा. ह्या शब्दाकडे आपल्या इतिहासलेखनाने द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. परकी सत्तेखाली शस्त्रहीनता ही लादलेली होती. घटनेने सार्वजनिक जीवनातील निःशस्त्रता ही नागरिकत्वाची अट म्हणून स्वीकारली. सार्वजनिक जागा ही निर्धास्तपणे वावरावयाची जागा आहे, हा विचार आपल्याकडे कायद्याच्या भाषेत येथे प्रथम स्पष्टपणे उमटला असे म्हणावयास हरकत नाही.

५

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. १८७८ च्या कायद्याच्या तुलनेत त्याची दृष्टी उदार होती. प्रामाणिकपणे पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना द्यावा असे त्याच्या १३ व्या कलमात म्हटले आहे. शेतकऱ्याची निकड हे परवान्याचे स्वतंत्र व मानाचे कारण ठरले. कर्जत-खालापूरसारख्या टापूस ह्याचे महत्त्व सांगावयास नको.

वयाची अटही ह्याच कायद्यात आली. ९ व्या कलमानुसार १६ वर्षे पुरी न झालेल्या व्यक्तीस अग्निशस्त्र मिळविण्यास, बाळगण्यास वा नेण्यास मनाई झाली. १९८३ च्या दुरुस्तीने ही मर्यादा २१ वर्षांवर नेण्यात आली. शिक्षणासाठी, विहित वयानंतर व विहित अटींवर, देखरेखीखाली नेमबाजी करण्याची मुभा मात्र ठेवली आहे. नियमांत त्यासाठी १२ वर्षांची मर्यादा घातलेली आढळते. अनधिकृत व्यक्तीच्या हाती शस्त्र देणे हाही २९ व्या कलमाखाली गुन्हा ठरतो.

ह्या तरतुदी बारकाईने वाचल्या म्हणजे त्यांतील एक फट दिसून येते. कायदा दोन क्रियांना शिक्षा करतो : अल्पवयीनाने शस्त्र बाळगणे आणि कोणी ते त्याच्या स्वाधीन करणे. पण घरोघरी जो अनर्थ संभवतो तो ह्या दोहोंपैकी कोणत्याही प्रकारात नीट बसत नाही. बाप मुलाच्या हाती बंदूक देत नाही. बाप शेतावर वा बाजारात गेलेला असतो आणि मूल ती खुंटीवरून काढून घेते. 'दिली' आणि 'घेतली' ह्या दोन क्रियापदांमधील अंतरात मुलाचा जीव जातो. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य हा अपराध मानावयाचा नाही, हे तत्त्व भारतीय दंडसंहितेत १८६० पासून होते आणि ती रद्द होऊन १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. म्हणजे गोळी झाडणारे मूल निरपराध. आणि मालकास जबाबदार धरावयाचे तर निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूच्या सामान्य कलमाखाली, म्हणजे मृत्यू झाल्यानंतरच. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९८९ साली ह्याच फटीवर बोट ठेवून, मुलाच्या हाती लागेल अशा रीतीने भरलेले शस्त्र ठेवणाऱ्या मालकास जबाबदार धरणारा कायदा केला, व पुढे तेथील इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. शस्त्रांविषयी अत्यंत सैल समजल्या जाणाऱ्या देशात हा विचार निघावा आणि शस्त्रांविषयी कडक असलेल्या आपल्या कायद्यात तो दीर्घकाळ नसावा, हे विचार करण्याजोगे आहे. कारण उघड आहे. जेथे परवानाच कठीण, तेथे परवाना मिळाल्यानंतरचे प्रश्न गौण मानले गेले.

परवान्याच्या नमुन्यात छापलेल्या अटी मात्र कायद्याच्या कलमांपेक्षा अधिक बोलक्या आहेत. विशेष अधिकार दिल्यावाचून परवानाधारकाने आपले शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत वा अन्य लोकसमुदायात नेऊ नये, ही ती अट. नियमांच्या नंतरच्या रूपात शैक्षणिक संस्थेच्या आवारात शस्त्र नेण्यासही मनाई आढळते. खालापूर तालुक्यातील महड येथे माघी चतुर्थीस वरदविनायकाच्या दर्शनास लोटणारा समुदाय डोळ्यांपुढे आणला म्हणजे ह्या अटीचे व्यवहारातील मोल कळते. अशा जत्रेत निम्मी गर्दी बायका-मुलांचीच असते. तथापि अट घालणाऱ्याच्या मनात मूल नव्हते, दंगा होता. 'लोकसमुदाय' हा शब्द शांततेच्या रक्षणाच्या शब्दकोशातील आहे. मुलास त्या अटीचा लाभ झाला तो आनुषंगिक. शाळेचे आवार त्या यादीत आले तेव्हाच मूल प्रथम परवान्याच्या कागदावर, नाव न घेता का होईना, उतरले.

६

सार्वजनिक जागेचा विचार दुसऱ्या एका मार्गानेही पुढे आला. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाने जिल्हादंडाधिकारी व पोलीस आयुक्त यांस, शांतता राखण्यासाठी आवश्यक वाटल्यास, बंदुका, तलवारी, भाले, सोटे, लाठ्या इत्यादी घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरण्यास आदेशाने मनाई करण्याचा अधिकार दिला. सण-उत्सवांच्या व निवडणुकांच्या काळात निघणारे असे आदेश महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्यास अपरिचित नाहीत. निवडणुकीच्या वेळी परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेण्याची पद्धतही त्याच जातीची. ही बंधने तात्पुरती असतात. मुदत संपली की पूर्वस्थिती येते.

१९८३ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात २४-ब हे कलम आले. ते अशांत म्हणून घोषित झालेल्या क्षेत्रांपुरतेच आहे, पण त्यात सार्वजनिक जागेची व्याख्या आली आहे : जनतेच्या वा तिच्या कोणत्याही भागाच्या उपयोगासाठी असलेली किंवा तिला प्रवेश असलेली कोणतीही जागा. ह्या व्याख्येत बाग येते, मैदान येते, रेल्वे स्थानक येते. 'समुदाय' ह्या जुन्या कल्पनेहून ही कल्पना व्यापक आहे. गर्दी जमलेली असो वा नसो, जागा सर्वांची आहे एवढ्यानेच ती वेगळ्या वागणुकीस पात्र ठरते.

तिसरा मार्ग वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा, आणि आपल्या टापूत तोच सर्वांत परिणामकारक ठरला. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार लेखी परवानगीवाचून कोणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करू शकत नाही. राष्ट्रीय उद्यानांसही ही तरतूद लागू आहे. ३४ व्या कलमाने अभयारण्यात व त्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकास, अभयारण्य घोषित झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत नोंदणीसाठी अर्ज करण्यास सांगितले, आणि त्या परिघात नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्य जीव रक्षकाची संमती आवश्यक केली. १९८५ मध्ये शेकरूच्या रक्षणासाठी भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. त्यात पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व खेड, ठाण्यातील मुरबाड आणि रायगडातील कर्जत ह्या तालुक्यांचा भाग आहे. म्हणजे कर्जतच्या पूर्वेकडील वाड्यापाड्यांतील बंदूक ह्या कायद्याच्या परिघात आली. १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा उरलासुरला मार्गही बंद झाला.

ह्याची तुलना अमेरिकेशी करणे बोधप्रद होईल. तेथे २०१० च्या फेब्रुवारीपासून अमलात आलेल्या तरतुदीने राष्ट्रीय उद्यानांत, ते उद्यान ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या कायद्यानुसार, भरलेले शस्त्र बाळगण्यास मोकळीक मिळाली. वाद झाला तो नागरिकाच्या हक्काच्या भाषेत : उद्यानात शिरताना माझा हक्क वेशीवर का ठेवावा? आपल्याकडे हा प्रश्न उपस्थितच होत नाही, कारण घटनेने उलट बाजूने सुरुवात केली आहे. तथापि आपले उद्यान निःशस्त्र झाले ते माणसाच्या मुलासाठी नव्हे, तर शेकरूच्या पिलासाठी, ही वस्तुस्थिती इतिहासकाराने नजरेआड करू नये. परिणाम इष्ट झाला. कारण वेगळे होते. आणि ज्या कारणाने नियम होतो त्या कारणापुरतीच त्याची अंमलबजावणी दक्षतेने होते. अभयारण्याच्या सीमेवर बंदूक अडविली जाते. माथेरानातील पेमास्टर पार्कसारख्या मुलांनी खेळावयाच्या जागेस ह्या कायद्याचे कवच नाही. तिला सामान्य शस्त्रनियमांवरच विसंबावे लागते.

७

ते सामान्य नियम अखेर २०१६ साली बदलले. १९६२ च्या नियमांच्या जागी आलेल्या ह्या शस्त्रनियमांत दोन गोष्टी नव्याने आढळतात. पहिली सार्वजनिक जागेविषयी : अग्निशस्त्र सार्वजनिक ठिकाणी न्यावयाचे तर ते योग्य म्यानात वा पिशवीत, पूर्णपणे झाकलेले व वाहणाऱ्याच्या संपूर्ण ताब्यात असले पाहिजे; ते परजणे वा झाडणे यास सक्त मनाई आहे. दुसरी घराविषयी : परवाना मागणाऱ्याने शस्त्र सुरक्षितपणे वापरण्याची व साठविण्याची हमी द्यावयाची, आणि सुरक्षित हाताळणीचे शिक्षणही घ्यावयाचे. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने लग्नसमारंभात वा सार्वजनिक मेळाव्यात आनंदाप्रीत्यर्थ गोळीबार करून जीवित धोक्यात आणणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा स्वतंत्र गुन्हा ठरला.

'बंदूक कोणाच्या हाती असावी' ह्या प्रश्नावरून 'हातातून खाली ठेवल्यावर ती कोठे असावी' ह्या प्रश्नावर येण्यास आपल्या शस्त्रनियमनास १८७८ पासून १३८ वर्षे लागली. ह्या प्रवासाचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रथम राज्यकर्त्याच्या सुरक्षिततेचा विचार झाला, नंतर राष्ट्राच्या मानाचा, मग शेतकऱ्याच्या पिकाचा, त्यानंतर रानातील जनावराचा, आणि सर्वांच्या शेवटी घरातील मुलाचा. ज्याचा आवाज दरबारात पोहोचतो त्याचा विचार आधी होतो, हा इतिहासाचा सामान्य अनुभव येथेही खरा ठरतो. मुलाचा आवाज कोठेच पोहोचत नाही.

शेवटी दोन गोष्टींचा उल्लेख करणे अवश्य आहे. एक व्यवहाराची. सुरक्षित साठवणीचा नियम कुलूपबंद कपाट गृहीत धरतो. कुडाच्या घरात ते नसते. तेथे नियमाचे मर्म अन्य रीतीने पाळावे लागेल : शेतावरून परतण्यापूर्वी बंदूक रिकामी करणे, टोपी व दारू बंदुकीपासून दूर व वेगळ्या डब्यात कुलपात ठेवणे, भरलेली नळी आहे असे समजूनच प्रत्येक बंदूक हाताळणे, आणि मुलांस 'हात लावू नकोस' एवढेच न सांगता का ते समजावून सांगणे. परवाना नसलेल्या साधनांचा धोका तर ह्याहूनही मोठा. रानडुकरांसाठी कणकेत गुंडाळून टाकलेले स्फोटक गोळे महाराष्ट्रातील अनेक ठिकाणी आढळतात. गुराख्याच्या पोराच्या दृष्टीने तो कणकेचा गोळाच असतो. पिकाच्या नुकसानीचा प्रश्न सुटल्यावाचून हा धोका टळणार नाही, म्हणून हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारात घेतले पाहिजेत.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. शस्त्रपरवान्यांची नोंदपुस्तके ही केवळ प्रशासकीय कागदपत्रे नव्हेत. बंदुकीचा प्रकार, परवान्याचे प्रयोजन, तिची हद्द, नूतनीकरण व वारस यांच्या नोंदींतून एखाद्या गावाचे रान, शेत व समाज यांतील संबंधांचा इतिहास उलगडू शकतो. त्यांच्या जोडीस ठाकूर व कातकरी वाड्यांतील वृद्धांच्या आठवणी घेतल्या, पिकाची राखण कोण करी, बंदूक कोठे टांगलेली असे, मुलांस तिच्याविषयी काय सांगितले जाई हे विचारले, तर कायद्याच्या इतिहासात न आलेले घर त्या इतिहासात येईल. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेईल तर त्याने कलेक्टर कचेरीतील कागदांपासून आरंभ करावा; परंतु खुंटीखाली उभ्या असलेल्या मुलापर्यंत पोहोचल्यावाचून थांबू नये.